अठ्ठावीस पांढरी बटणं

यापुढे आई-बाबांनी एका घरात राहायचं की दोन, हे ठरवायला मुलगा रविवारी सकाळी आला आणि आल्या आल्या त्याने कात्री मागितली. पुढचा सगळा घोळ त्या कात्रीने झाला. पण तो कळायला आधी किटलीचं सांगावं लागेल.

बाबांना ऐकू कमी येतं. डाव्या कानाशी जाऊन मोठ्याने बोललं तर येतं, एरवी नाही. आईला वास येत नाही. एका लांबलेल्या तापात गेला तो परत आला नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा किटली गॅसवर राहिली. तिची शिट्टी वाजली तेव्हा आई आंघोळ करत होती आणि बाबा किटलीपासून हाताच्या अंतरावर पेपर वाचत बसले होते. पाणी आटून बूड करपायला लागलं तोवर बाबा दाढीचं ब्लेड आणायला कोपऱ्यावर गेले होते आणि आई बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. समोरच्या बिऱ्हाडात शिवणकाम करणाऱ्या काकूंना वास आला म्हणून त्या धावत आल्या. किटली गेली, ओट्यामागची भिंत काळी झाली. बाकी काही झालं नाही.

मुलाने मात्र हाय खाल्ली. आठवड्याच्या आत त्याने योजना मांडली: आई माझ्याकडे, बाबा ताईकडे. दोन्ही घरांत जादा खोली एकेकच, तीही अशी की पलंग टाकला की दार जेमतेम उघडतं. तेव्हा एकेकाला एकेक खोली. आई त्यावर नुसतं "बरं" म्हणाली. ती एका शब्दात उत्तर देते तेव्हा तिला बोलायला पुष्कळ असतं. बाबांच्या डाव्या कानात ताईने तेच सांगितलं तर ते तीनदा "काय?" म्हणाले. त्यांना पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं, हे सगळ्यांना कळलं.

ताईला ही योजना मान्य नव्हती. ती बल्बच्या कारखान्यात तपासणी विभाग सांभाळते. तिथे प्रत्येक बल्ब दोन जणींच्या हातांखालून जातो. पहिलीने काय ठरवलं ते दुसरीला कळू देत नाहीत. कळलं की दुसरी बघायचं सोडून नुसती मान डोलावते. तरीही खराब बल्ब खोक्यात गेलाच, तर तो दोघींच्या नजरेतून निसटलेला असतो, आणि तसं क्वचित होतं.

"दोघांपैकी एक जण विसरला तर काही बिघडत नाही रे," ती भावाला म्हणाली. "दुसरा असतो. दोघं एकाच रात्री विसरले तरच धोका. तू त्यांना वेगळं केलंस की प्रत्येकाचं विसरणं उघड्यावर पडणार."

"आमच्याकडे आम्ही असू ना."

"तुम्ही दोघं सकाळी सातला घर सोडता."

मुलगा म्हणाला, "बरं, बघू तरी. चाळीस रात्री बघू."

"बघू. चाळिसांत तीनपेक्षा जास्त रात्री दोघं एकदम विसरले, तर बाबांची बॅग मी स्वतः भरीन."

तीन हा आकडा तिचाच. तो तिने फार विचार न करता, आपल्या कामावरच्या भरवशाने दिला होता.

पद्धतही तिनेच घालून दिली. रात्रीचं जेवण झालं की गॅस, नळ आणि दाराची कडी बाबांनी एकदा बघायची आणि आईने एकदा, आपापल्या वेळी. बघून झालं की बाबांनी न्हाणीघराच्या खिडकीच्या गजाला कपड्यांचा चिमटा लावायचा, आईने स्वयंपाकघराच्या. एकमेकांचा चिमटा बघायला जायचं नाही. दोन्ही खिडक्या मधल्या चौकावर उघडतात आणि त्यांच्या बरोबर समोर काकूंची खिडकी आहे. काकूंनी सकाळी मशीनवर बसण्याआधी दोन्ही गज बघायचे.

काकू लिहून ठेवायला तयार नव्हत्या. कागद कापडाच्या ढिगात जातो आणि चिंध्यांबरोबर बाहेर, असं त्या म्हणाल्या. त्यांनी एक जाड दोरा घेतला. बाबांचा चिमटा नसेल त्या सकाळी निळं बटण ओवून गाठ मारायची. आईचा नसेल तर पिवळं. दोन्ही नसतील तर निळं आणि पिवळं एकाच गाठीत. दोन्ही चिमटे जागेवर असतील तर पांढरं.

"पांढऱ्याची काय गरज, काकू?" ताईने विचारलं होतं.

"नुसता मोकळा दोरा बरा दिसत नाही," काकू म्हणाल्या. "आणि पांढरी बटणं माझ्याकडे ढिगाने पडलीत."

तर चाळीस रात्री झाल्या आणि त्या रविवारी सकाळी सगळे स्वयंपाकघरात जमले. बाबांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता; कुणी मुलाखत घ्यायला येणार असावं तसे ते भिंतीशी ताठ बसले होते. आई ताटात मटार सोलत होती. काकूंनी दोरा टेबलावर ठेवला. मुलगा बसच्या डेपोत वेळापत्रकं बनवतो. सुट्या सुट्या गोष्टींचे वेगवेगळे गठ्ठे केल्याशिवाय त्याला मोजता येत नाही; लहानपणी तो ताटातला भातसुद्धा आधी चार भागांत वाटून घ्यायचा. त्याने कात्री घेतली आणि काकूंनी "अहो, ते" एवढं म्हणेपर्यंत गाठी कापायला सुरुवातही केली. निळी बटणं एका वाटीत, पिवळी दुसऱ्या वाटीत. पांढरी त्याने ओंजळीत गोळा करून काकूंना परत दिली.

"ही तुमची तुम्हाला. ह्यांचं काही काम नाही."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या, मग मूठ मिटून आपल्या घरी गेल्या. त्यांच्या गॅसवर दूध होतं.

"निळी दहा," मुलगा म्हणाला. "पिवळी आठ. दहा आणि आठ अठरा. ताई, चाळिसांतल्या अठरा रात्री. जवळजवळ निम्म्या रात्री घर वाऱ्यावर."

"अशी बेरीज होत नाही. ज्या रात्री दोघं विसरले त्या रात्री तू दोनदा मोजल्यास. एकदा बाबांच्या वाटीत, एकदा आईच्या."

"मग एकदा वजा कर."

"करते. अशा रात्री किती?" तिने दोऱ्याकडे हात नेला. टेबलावर दोऱ्याचे तुकडे पडले होते, प्रत्येक बोटाच्या पेराएवढा. "तू गाठी कापल्यास."

"गाठी न कापता बटणं कशी सुटणार?"

"जोडी कुठली होती ते गाठीतच होतं, बाळा."

बाळाला आता काय झालं ते कळलं. त्याने निळ्या वाटीतलं एक बटण उचलून पिवळ्या वाटीजवळ नेलं, आणि परत ठेवलं.

आई म्हणाली, "भांडू नका. मोजा काय मोजायचं ते."

"मोजायचं काय, तेच तर गेलं," ताई म्हणाली. "दहा आणि आठ एवढंच माहीत असेल तर दोघांची सामायिक रात्र एकही नसेल, किंवा आठच्या आठ असतील. शून्य असेल तर तुम्ही इथेच राहता. आठ असतील तर बॅग."

बाबांनी आईकडे बघितलं. आई वाकून त्यांच्या डाव्या कानात म्हणाली, "अजून ठरत नाहीये."

ताईने मग टेबलावर बोटाने आकडे काढले. बाबा दहा वेळा, म्हणजे चारातून एकदा. आई आठ वेळा, म्हणजे पाचातून एकदा. दोघं एकदम विसरण्याची शक्यता चौथ्या हिश्शाचा पाचवा हिस्सा, विसातून एकदा. "चाळिसांत दोन रात्री," ती म्हणाली. "तीनच्या आत."

"हा अंदाज झाला."

"चांगला अंदाज आहे."

"कारखान्यात असा चालवून घेशील?"

ती चालवून घेणार नाही हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. मग एकदम वळली, खिडकी उघडली आणि चौकापलीकडे हाक मारली, "काकू, पांढरी डब्यात टाकू नका."

समोरच्या खिडकीत काकू दिसल्या. एका हातात डब्याचं झाकण होतं, दुसरी मूठ डब्यावर होती. "टाकणारच होते बाई. का गं?"

"आहेत तशी घेऊन या."

काकू आल्या. मूठ टेबलावर उघडली. ताईने बटणं दोन दोन करून बाजूला सरकवली. अठ्ठावीस भरली.

"म्हणजे अठ्ठावीस रात्री दोन्ही चिमटे जागेवर होते," ती म्हणाली. "चाळिसांतून त्या गेल्या, उरल्या बारा. बारा रात्री दोघांपैकी कुणीतरी एक, निदान एक, विसरला."

"अठरा नाही, बारा," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी सुटका होती.

"पण रंगीत बटणं अठरा आहेत. बारा रात्रींत अठरा बटणं तेव्हाच बसतील, जेव्हा…" पुढचं तिला बोलता बोलता दिसलं आणि ती थांबली.

"जेव्हा काय?"

"जेव्हा सहा रात्री दोन दोन असतील."

तीनचा आकडा सगळ्यांच्या लक्षात होता. बाबांनी आईच्या दंडाला हात लावला. आई त्यांच्या कानाशी गेली. "सहा म्हणते. तीनच्या वर."

"बरं," बाबा म्हणाले. ते उठले, आतल्या खोलीत गेले, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. कपाटाचं दार कुरकुरतं हे त्यांना बरीच वर्षं माहीत नाही.

ताई खुर्चीवर बसली. आकडा तिचा, पद्धत तिची आणि हिशेबही तिचाच. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आईचे मटार सोलून झाले होते तरी ती रिकाम्या सालांतून बोटं फिरवत होती.

जिंकलेला मुलगा जिंकल्यासारखा दिसत नव्हता. त्याने सहा निळी बटणं काढली, सहा पिवळी काढली, जोड्या लावल्या आणि त्यांच्याकडे बघत बसला.

"ताई, किती यायला हव्या होत्या म्हणालीस?"

"दोन. साधारण."

"आणि आल्या सहा. तिप्पट."

"मला गणित येतं रे."

"तसं नाही. ऐक." त्याने जोड्यांवर तळहात ठेवला. "आमच्याकडे दोन मार्ग आहेत, दोन गाड्या, दोन ड्रायव्हर. एखाद्या दिवशी दोन्ही गाड्या लेट झाल्या तर योगायोग म्हणून सोडून देतो. पण वरचेवर दोन्ही एकदम लेट व्हायला लागल्या, तर आम्ही ड्रायव्हरना बोलावत नाही. वाटेत कुठला पूल बंद होता ते विचारतो. एकच पूल दोघांना अडवत असतो." तो आईकडे वळला. "आई, पूल कुठला?"

"कसला पूल?"

"त्या सहा रात्री काय चाललं होतं?"

"काय चालणार? जेवणं झाली की बसतो आम्ही."

"बसून काय करता?"

"बसतो," आई म्हणाली आणि सालं केरात टाकायला उठली.

काकूंना राहवलं नाही. "वाचतात."

"काकू," आई म्हणाली.

"आता लपवून काय राहिलंय? सगळ्या चौकाला ऐकू जातं. ती फिरत्या वाचनालयाची गाडी येते ना दर आठवड्याला, तिच्यातून खुनाचं पुस्तक आणतात. एकच, आठवडाभर पुरवून. ह्या वाचतात आणि हे ऐकतात. डाव्या कानात वाचायचं म्हणजे कसं वाचावं लागतं ते तुम्ही बघताच आहात. मी मशीन बंद ठेवते तेवढा वेळ. परवा तो वकील मेला तेव्हा माझ्या हातून एक बाही उलटी लागली."

"रोज विसरत नाही आम्ही," आई म्हणाली. ती अजून पाठमोरीच होती. "एक प्रकरण झालं की थांबतो. हे जाऊन बघून येतात, मग मी जाते. पण शेवटच्या रात्री कोण उठेल? खुनी कोण ते कळायला चार पानं राहिलेली असताना? आणि कळल्यावर ह्यांना ते पटत नाही. दिवा मालवला तरी वाद चालू असतो. कडीबिडी कुणाच्या लक्षात राहते?"

"चाळीस रात्रींत किती पुस्तकं झाली?" मुलाने विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं, एकेक बोट मिटत. वकिलाचं, बोटीवरचं, जुळ्या बहिणींचं, ते बर्फातलं, माळ्याचं, आणि एक अगदीच रटाळ, ज्यात खुनी पहिल्याच पानावर कळतो.

"तो खुनी नव्हता," आई म्हणाली. "तुम्ही शेवट ऐकलाच नाही."

"सहा," मुलगा म्हणाला.

ताईने सहाही जोड्या टेबलाच्या कडेला सरकवल्या. वाट्यांत चार निळी आणि दोन पिवळी उरली. "ह्या रात्री सोडल्या तर चौतीस राहतात. त्यांत बाबा चार वेळा विसरले, आई दोन वेळा. एकाच रात्री दोघं, असं एकदाही नाही." ती जरा वेळ बटणांकडे बघत होती. "माझंच चुकलं. मी ह्या दोघांना माझ्याकडच्या दोन जणींसारखं धरलं. त्यांची टेबलं वेगळी, त्या एकमेकींशी बोलतसुद्धा नाहीत. तशा माणसांचंच असं गुणून चालतं."

"आणि हे दोघं बोलायचे थांबत नाहीत."

"नाही ना."

"नियम तीनचा होता," मुलगा म्हणाला. त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. डेपोत एखादी सवलत देण्याआधी तो नियम एकदा मोठ्याने वाचतो, तसंच. "पण तो विसरभोळ्या माणसांसाठी होता. हे विसरत नाहीत. हे रंगतात. आई, पुस्तक उघडायच्या आधी गॅस, नळ, कडी. रोज. मधे नाही आणि नंतर नाही. आणखी चाळीस रात्री बघू, आणि ह्या खेपेला मी दोऱ्याला हात लावणार नाही."

"जेवल्या जेवल्या?" आई म्हणाली. "जेवल्यावर लगेच उठवत नाही मला."

"मग उठवेल तेव्हा पुस्तक उघड."

"हा काय नियम झाला."

"आई," ताई म्हणाली.

"बरं," आई म्हणाली, आणि ह्या खेपेला तिला त्यापुढे बोलायचं काही नव्हतं.

बाबा दारात येऊन उभे होते. एका हातात बॅग, दुसऱ्या हातावर घड्या केलेले चार शर्ट. आपल्याकडे सगळे बघतायत म्हटल्यावर त्यांनी बॅग जरा वर उचलून दाखवली, तयार आहे अशा अर्थाने. ताईने तोंड फिरवलं. आई त्यांच्यापाशी गेली आणि डाव्या कानात म्हणाली, "ठेवा ते शर्ट जागेवर."

"का?"

"पुस्तकाआधी गॅस बघायचा. एवढंच ठरलं."

"एवढंच?" बाबांनी टेबलावरची बटणं, दोऱ्याचे तुकडे, कात्री आणि चार माणसं बघितली. "मग सकाळपासून हे सगळे करतायत काय?"

"मोजतायत."

बाबांनी मान हलवली. मग ते ताईजवळ आले आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा, त्यांना हळू वाटणाऱ्या मोठ्या आवाजात म्हणाले, "तुझ्याकडे मला काही कमी पडलं नसतं. पण वाचून कोण दाखवणार होतं?"

"मी दाखवलं असतं, बाबा."

"तुझा आवाज नाही पोचत," बाबा म्हणाले. "हिचा पोचतो." आणि शर्ट घेऊन आत गेले. काकू आपली पांढरी बटणं मुठीत घेऊन घरी गेल्या. दुधाचं भांडं त्या उतरवून आल्या होत्या, पण आता त्यांना खात्री नव्हती.

मुलगा निळी आणि पिवळी बटणं एकाच वाटीत टाकत होता. सगळी टाकून झाल्यावर तो म्हणाला, "खोली रंगवली होती मी."

"कुठली?" आईने विचारलं.

"तुझी. मागच्या आठवड्यात. फिका हिरवा दिलाय, तुला आवडतो तसला. तुझ्या सुनेने त्याच रंगाचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवलेत." त्याने खांदे उडवले. "असू दे. सामान ठेवायला होईल."

आई त्याच्या समोर बसली. हा आपल्याला इथून हलवायला निघाला होता म्हणून ती चाळीस दिवस त्याच्याशी फोनवर हवापाण्याशिवाय काही बोलली नव्हती. आपण यावं असं त्याला आतून वाटत असेल, हे तिने धरलंच नव्हतं.

"सामान कशाला?" ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात गाडी नवं पुस्तक देऊन गेली की येतो आम्ही. आठ-दहा दिवस राहतो आणि परत येतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि हे."

"आई, त्या खोलीत पलंग एकच बसतो. एकाला एक म्हणूनच तर ताईकडे…"

"आम्हाला किती लागतात?"

मुलाने ताईकडे बघितलं. ताई हसू दाबत होती. "माझ्याकडे बघू नको," ती म्हणाली. "एक माणूस एक खोली, दोन माणसं दोन खोल्या, ही बेरीज मीसुद्धा बरोबरच धरली होती."

तो फोन घेऊन खिडकीशी गेला. समोर काकूंचं मशीन सुरू झालं होतं, म्हणून त्याला जरा मोठ्याने बोलावं लागलं. "ऐक," तो बायकोला म्हणाला, "त्या खोलीतलं कपाट बाहेर निघेल का? नाही, पलंग जरा रुंद घ्यावा लागेल. नाही गं, एकटी नाही. दोघं."